तळटिपांची उलटतपासणी: आयर्विंग विरुद्ध लिपस्टाट खटला आणि ‘डिनायल’

डेव्हिड आयर्विंग या ब्रिटिश लेखकाने सप्टेंबर १९९६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला. प्रतिवादी दोन होते: पेंग्विन बुक्स ही प्रकाशनसंस्था आणि अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठातील प्राध्यापिका डेबोरा लिपस्टाट. नाझींनी साठ लाख ज्यूंची केलेली कत्तल घडलीच नाही, असे सांगणाऱ्या मंडळींचा माग लिपस्टाट यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात घेतला होता आणि त्या मंडळींतील सर्वांत घातक माणसांमध्ये आयर्विंगची गणना केली होती. संपूर्ण पुस्तकात त्याच्याविषयीचा मजकूर थोडकाच होता. त्या थोडक्या मजकुरावरून उभा राहिलेला दावा जानेवारी ते मार्च २००० या काळात बत्तीस दिवस चालला, ११ एप्रिल २००० रोजी त्याचा निकाल लागला आणि २०१६ साली ‘डिनायल’ या चित्रपटाचा तो विषय झाला. दिग्दर्शन मिक जॅक्सन यांचे, पटकथा डेव्हिड हेअर यांची. लिपस्टाट यांची भूमिका रेचेल वाइझ यांनी आणि आयर्विंगची टिमोथी स्पॉल यांनी केली.

या प्रकरणाकडे सर्वसाधारणपणे ‘सत्याचा विजय’ म्हणून पाहिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. प्रतिवादी पक्षाने काय मांडले याच्याइतकेच त्याने काय मांडायचे नाकारले, यावर हा खटला जिंकला गेला, आणि चित्रपटाचे खरे नाट्यही त्या नकारांमध्येच आहे.

आयर्विंग इतरांहून घातक का ठरला, हे आधी लक्षात घ्यावे लागते. कत्तल नाकारणारे बहुतेक लोक पत्रके काढणारे, आपापल्या कंपूत टाळ्या घेणारे होते. आयर्विंगला उत्तम जर्मन येत होते, त्याने अभिलेखागारांत वर्षानुवर्षे काम केले होते आणि हिटलरच्या निकटवर्तीयांकडून इतरांना न मिळालेले कागद मिळवले होते. त्याची पुस्तके नामांकित प्रकाशकांनी काढली होती. ड्रेस्डेन शहरावरील बॉम्बहल्ल्यावरचे त्याचे पुस्तक १९६३ सालचे, तर हिटलरच्या दृष्टिकोनातून महायुद्ध सांगणारे पुस्तक १९७७ सालचे. ज्यूंच्या संहाराची हिटलरला १९४३ पर्यंत कल्पनाच नव्हती, असे प्रतिपादन त्याने या दुसऱ्या पुस्तकात केले होते. १९८८ नंतर तो आणखी पुढे गेला आणि ऑशविट्झ या नाझी छळछावणीत माणसे मारण्यासाठी गॅस चेंबर नव्हतेच, असे जाहीर सभांमधून सांगू लागला. तळटिपांनी भरलेल्या जाडजूड पुस्तकाचा लेखक जेव्हा असे सांगतो, तेव्हा चोखंदळ वाचकसुद्धा ‘काहीतरी असेल बुवा’ म्हणून थबकतो. आयर्विंगचे सारे बळ या थबकण्यात होते.

दावा ब्रिटनमध्ये दाखल करण्यामागेही हिशेब होता. अमेरिकेत सार्वजनिक व्यक्तीला अब्रुनुकसानीचा दावा जिंकायचा असेल, तर मजकूर खोटा असल्याचे आणि लेखकाला ते ठाऊक असल्याचे किंवा त्याने सत्याची पर्वाच केली नसल्याचे तिने सिद्ध करावे लागते. इंग्लंडच्या कायद्यात बोजा उलट्या खांद्यावर होता. बदनामीकारक मजकूर खोटाच आहे असे गृहीत धरले जाई आणि तो खरा असल्याचे प्रतिवादीने सिद्ध करायचे असे. आपल्याकडेही दिवाणी अब्रुनुकसानीच्या दाव्यात सत्याचा बचाव घेणाऱ्यावरच तो सिद्ध करण्याची जबाबदारी असते, त्यामुळे मराठी वाचकाला ही अडचण नवी वाटू नये. लिपस्टाट यांच्यापुढचे पर्याय मात्र त्यामुळे फारच थोडे उरले होते. त्या गप्प बसल्या असत्या, तर दावा आयर्विंगच्या बाजूने गेला असता आणि ‘लंडनच्या न्यायालयाने मला खोटारडा म्हणू दिले नाही’ असे सांगत तो जगभर हिंडला असता. लंडनमधील ज्यू समाजातल्या काही वजनदार मंडळींनी त्यांना तडजोडीचा सल्ला दिला. या माणसाला व्यासपीठ कशाला द्यायचे, हा त्यांचा प्रश्न होता. तो भित्रेपणाचा होता असे मला वाटत नाही. मात्र आयर्विंगने न्यायालयाचे व्यासपीठ आधीच मिळवले होते, हे तो सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते.

बचावाची धुरा अँथनी ज्युलियस आणि जेम्स लिब्सन या सॉलिसिटरांकडे होती आणि न्यायालयात उभे राहणारे बॅरिस्टर होते रिचर्ड रॅम्प्टन. सॉलिसिटर प्रकरण तयार करतो आणि बॅरिस्टर ते लढवतो, ही इंग्लंडमधली विभागणी अमेरिकी नायिकेला नवी असते. चित्रपटाने तिचा उपयोग करून प्रेक्षकालाही ती समजावून दिली आहे. आयर्विंगने वकील दिला नाही, स्वतःच बाजू मांडली. ज्युरी नको, एकट्या न्यायाधीशाने निर्णय द्यावा, यावर दोन्ही पक्षांची संमती झाली. हजारो पानांचे जर्मन दस्तऐवज बारा सामान्य नागरिकांना समजावून देणे अवघड आहे, हे कारण पटण्याजोगे होते. त्याचा एक लाभ असा की न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांना सविस्तर, सकारण निकालपत्र लिहावे लागणार होते. ज्युरीचा निर्णय एका वाक्यात संपतो आणि त्या वाक्यामागची कारणे कुणालाच कळत नाहीत.

यानंतर बचाव पक्षाने जे निर्णय घेतले ते ऐकणाऱ्याला निष्ठुर वाटतील असे होते. छळछावण्यांमधून वाचलेल्या एकाही व्यक्तीला साक्षीला बोलवायचे नाही. खुद्द लिपस्टाट यांनीही साक्षीच्या पिंजऱ्यात पाऊल ठेवायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, होलोकॉस्ट, म्हणजे ज्यूंचा हा संहार, घडला की नाही, हा प्रश्न वादाचा विषय होऊच द्यायचा नाही.

चित्रपटात एक वृद्ध स्त्री लिपस्टाट यांना गाठते आणि वाचलेल्यांचा आवाज न्यायालयात ऐकू आला पाहिजे असे सांगते. लिपस्टाट तिला शब्द देतात आणि वकील तो मोडायला लावतात. हा प्रसंग पाहताना प्रेक्षक वकिलांवर चिडतो, आणि पटकथेला तेच अभिप्रेत आहे. पण वकिलांचे म्हणणे बिनतोड होते. आयर्विंग स्वतःच उलटतपासणी घेणार होता. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या दाराची जागा डावीकडे होती की उजवीकडे, असे प्रश्न विचारून त्याने सत्तरी-ऐंशीतल्या माणसांची भर न्यायालयात फजिती केली असती. ही भीती काल्पनिक नव्हती. ऑशविट्झमधून वाचलेल्या एका स्त्रीला, हातावर गोंदलेल्या त्या क्रमांकावर तुम्ही आजवर किती पैसे कमावलेत, असे त्याने पूर्वी विचारले होते. शिवाय साक्षीदार बोलावणे म्हणजे घटना घडली हे शाबीत करण्याची गरज आहे, असे कबूल करणेच ठरले असते.

म्हणून रोख बदलण्यात आला. दुसरे महायुद्ध न्यायालयात पुन्हा लढायचे नाही. आयर्विंगची पुस्तके काढायची, त्यातल्या तळटिपा एकेक करून मूळ कागदाशी ताडून पाहायच्या आणि त्याने कागदाचे काय केले ते दाखवायचे. केंब्रिजचे इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी दोन संशोधन-साहाय्यकांसह दोन वर्षांहून अधिक काळ हे काम केले आणि सातशेहून अधिक पानांचा अहवाल दिला. या प्रकरणाचा गाभा माझ्या मते या अहवालात आहे, त्यामुळे त्यातली उदाहरणे जवळून पाहायला हवीत.

३० नोव्हेंबर १९४१ या दिवशी एसएस या नाझी निमलष्करी संघटनेचा प्रमुख हाइनरिख हिमलर हिटलरच्या पूर्व प्रशियातील मुख्यालयात होता. दुपारी दीडच्या सुमारास त्याने आपल्या हाताखालचा सुरक्षा पोलिसांचा प्रमुख राइनहार्ड हायड्रिख याला दूरध्वनी केला आणि आपल्या नोंदवहीत दोन त्रोटक ओळी लिहिल्या: बर्लिनहून निघालेली ज्यूंची गाडी; संहार नको. आयर्विंगने यावरून लिहिले की हिटलरने हिमलरला बोलावून घेतले आणि ज्यूंना मारायचे नाही असा हुकूम द्यायला लावला. नोंद एका गाडीविषयी होती, सगळ्या ज्यूंविषयी नव्हती. त्या दूरध्वनीआधी हिमलर हिटलरशी या विषयावर बोलला होता याला कसलाही पुरावा नव्हता. त्या दिवशीची त्यांची भेट दूरध्वनीनंतरची होती. आणि त्या गाडीतल्या सुमारे हजार ज्यूंना त्याच दिवशी सकाळी रीगा शहराबाहेर गोळ्या घालून मारण्यात आले होते. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत तर कहरच होता. एसएसच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी जागेवरच थांबावे अशा अर्थाच्या त्या ओळीत हस्ताक्षरातील एक साधे क्रियापद आयर्विंगने ‘ज्यू’ असे वाचले आणि ज्यूंना आहेत तिथेच राहू द्यावे, असा आदेश त्यातून निर्माण केला.

दुसरे उदाहरण नोव्हेंबर १९३८ मधले. ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, पेटवली गेली, ज्यूंची घरे आणि दुकाने फोडली गेली. पहाटे २ वाजून ५६ मिनिटांनी हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस याच्या कार्यालयातून निघालेल्या संदेशात, ज्यूंच्या दुकानांना वा तत्सम जागांना आग लावू नये, असे बजावले होते. आयर्विंगच्या पुस्तकात हाच संदेश हिंसाचार तत्काळ थांबवण्याचा हिटलरचा आदेश म्हणून अवतरतो. सिनेगॉग, घरे, मारहाण, अटका यांबद्दल त्या संदेशात अवाक्षर नव्हते.

ड्रेस्डेनची गोष्ट शून्याची आहे. फेब्रुवारी १९४५ मधील बॉम्बहल्ल्यात मृतांचा आकडा २ लाख २ हजार ४० सांगणारा एक कागद आयर्विंगने उचलून धरला. मूळ कागदावरचा आकडा होता २० हजार २०४. कुणीतरी शेवटी एक शून्य वाढवले होते. अस्सल पोलिसी अहवाल सापडल्यावर १९६६ साली त्याने वृत्तपत्राला पत्र लिहून चूक मान्यही केली, परंतु पुढे फुगवलेले आकडे वापरणे सोडले नाही. ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये मृतांची संख्या जास्तीत जास्त २५ हजार असल्याचा निष्कर्ष काढला. जर्मनांचे बळी दहापट करायचे आणि ज्यूंचे बळी पुसायचे, म्हणजे दोन्ही पारडी समान दिसू लागतात, असा या शून्यामागचा हिशेब होता.

इतिहासकार चुकतो, न चुकणारा इतिहासकार कुणी पाहिलेला नाही. बचाव पक्षाने यासाठी हॉटेलातल्या वेटरचे उदाहरण वापरले. सुटे पैसे परत करताना प्रामाणिक वेटर कधी गिऱ्हाइकाचे नुकसान करील, कधी स्वतःचे. ज्याची प्रत्येक चूक त्याच्याच खिशात जाते, त्याला विसराळू म्हणता येत नाही. आयर्विंगची एकही महत्त्वाची चूक हिटलरच्या विरोधात गेलेली नव्हती.

ऑशविट्झविषयीचा भाग चित्रपटात सर्वाधिक जागा घेतो आणि ते स्वाभाविक आहे. आयर्विंगचे मतांतर ज्या अहवालाने झाले, तो फ्रेड लॉइख्टर या अमेरिकी माणसाचा होता. मृत्युदंडाची यंत्रसामग्री बनवणाऱ्या या गृहस्थाने १९८८ मध्ये ऑशविट्झच्या भग्न भिंतींचे ढलपे काढून नेले, त्यांत सायनाइडचे अंश अत्यल्प सापडले आणि म्हणून तिथे माणसे मारली गेली नाहीत, असा निष्कर्ष त्याने काढला. सायनाइड भिंतीच्या पृष्ठभागात केसभरही शिरत नाही. जाड ढलपा दळून तपासला की अंश विरळ होणारच. उवा मारायला जेवढे सायनाइड लागते त्याच्या अगदी थोड्या अंशात माणूस मरतो, त्यामुळे कपडे निर्जंतुक करण्याच्या खोल्यांत अधिक अंश सापडणे अपेक्षितच होते. रॅम्प्टन यांनी कोंडीत पकडल्यावर आयर्विंगने, ज्या तळघराला गॅस चेंबर म्हटले जाते त्यात वायू वापरला गेला असेल तर तो वस्तूंवर आणि प्रेतांवर, असे उत्तर दिले. जी प्रेते लगेच जाळायची ती निर्जंतुक कशाला करायची? मग ते तळघर हवाई हल्ल्यापासूनचा आसरा ठरले. एसएसच्या बराकींपासून इतक्या दूरवर असलेला आसरा कुणाच्या कामाचा? आणि वास्तुइतिहासकार रॉबर्ट यान फान पेल्ट यांनी पुढे ठेवलेल्या १९४३ सालच्या पत्रात त्या तळघरासाठी वायुरोधक दरवाजा, त्याला डोकावण्याचे छिद्र आणि छिद्राला ८ मिलिमीटर जाडीची दुहेरी काच मागवलेली होती. ती कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर आयर्विंगला अखेरपर्यंत देता आले नाही.

रॅम्प्टनची भूमिका करणारे टॉम विल्किन्सन इथे अप्रतिम आहेत. ऑशविट्झच्या भेटीत हा माणूस श्रद्धांजली वाहण्याऐवजी रुक्ष, खोचक प्रश्न विचारत फिरतो आणि लिपस्टाट संतापतात. त्या प्रश्नांचे प्रयोजन न्यायालयात उलगडते. न्यायालयातील संवाद हेअर यांनी खटल्याच्या अधिकृत नोंदींतून घेतले, स्वतः रचले नाहीत. आयर्विंगच्या तोंडी एखादे खोटे वाक्य घातले असते, तर बनावट कागदांविरुद्धच्या चित्रपटानेच कागद बनवल्यासारखे झाले असते. चित्रपटाची उणीव सांगायची तर ती अशी की, पुरावा ताडून पाहण्याची दोन वर्षांची संथ मेहनत पडद्यावर फारशी येत नाही. अंधाऱ्या वाचनकक्षात बसून नोंदवह्या चाळणाऱ्या तरुण संशोधकांवर कॅमेरा रेंगाळत नाही.

न्यायालयीन नियमानुसार आयर्विंगला आपल्या खासगी दैनंदिन्या बचाव पक्षाच्या हवाली कराव्या लागल्या. कित्येक वर्षांच्या या नोंदींतून जे बाहेर आले ते दस्तऐवजांच्या वादापेक्षा पूर्णपणे वेगळ्या जातीचे होते. तान्ह्या मुलीला फिरायला नेताना मिश्रवंशीय मुले शेजारून गेली की तिच्यासाठी गुणगुणायला त्याने एक बडबडगीत रचले होते. आपण आर्य बाळ आहोत, ज्यू नाही, आणि वानराशी किंवा रास्ताफारी (जमैकातल्या कृष्णवर्णीयांच्या पंथातील) माणसाशी लग्न करायचा आपला विचार नाही, असा त्याचा आशय. रॅम्प्टन यांनी ते कोर्टात वाचून दाखवले. इंग्लंडच्या क्रिकेट संघात कृष्णवर्णीय खेळाडू पाहून आपल्याला कसेसेच होते, हे त्याचे उद्गारही न्यायालयापुढे आले. कृष्णवर्णीय वृत्तनिवेदकांनी चोऱ्यामाऱ्यांच्या आणि अमली पदार्थांच्या बातम्या तेवढ्या द्याव्यात, असा विनोदही त्याने एका भाषणात केला होता.

ज्यूद्वेषाचे आणि वर्णद्वेषाचे हे रोजचे रूप मला त्याच्या ग्रंथांइतकेच बोलके वाटते. त्यात आरडाओरडा नाही. बाळाला खेळवणे, सामना पाहणे, बातम्या ऐकणे एवढेच आहे. अर्थात अशा रोजच्या बोलण्याकडे पाहताना आपण आपल्या अंगणाकडेही पाहायला हरकत नाही. मराठीत कडक शिस्तीच्या मास्तरांना ‘हिटलर’ म्हणताना त्यात कौतुकच अधिक असते, आणि त्याच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद रस्त्याकडेच्या पुस्तकांत राजरोस मांडलेला दिसतो. २००६ साली नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचे उपाहारगृह निघाले, तेव्हा इथल्या ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते नाव बदलले गेले. कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यू समाजाला आपल्याकडे छळ सोसावा लागला नाही, याचा आपण अभिमान बाळगतो. तो रास्त आहे. पण ज्याने त्यांच्या युरोपीय धर्मबांधवांचा संहार केला त्याचे नाव इथे सहज कौतुकाने का घेतले जाते, याचे उत्तर त्या अभिमानात मिळत नाही.

समारोपाच्या युक्तिवादाच्या वेळी न्यायमूर्ती ग्रे यांनी रॅम्प्टन यांना एक प्रश्न विचारला आणि बचाव पक्षाच्या काळजाचा ठोका चुकला. एखादा मनुष्य मनापासून ज्यूद्वेष्टा असेल आणि जे बोलतो त्यावर त्याचा खरोखरच विश्वास असेल, तर त्याला खोटारडा कसे म्हणायचे? चित्रपटाने या क्षणाचे भय नेमके पकडले आहे, कारण प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. त्याचे उत्तर पुन्हा तळटिपांतच होते. श्रद्धा प्रामाणिक असू शकते. परंतु नोंदीतला एकच आगगाडीचा उल्लेख सर्व ज्यूंना लागू करणे, संदेशातला अर्धा आशय वगळणे, खोटे ठरलेले आकडे पुन्हा छापणे या कृती आहेत, आणि कृतीचा हेतू तिच्या दिशेवरून कळतो. त्याच अखेरच्या दिवशी आयर्विंगने बोलण्याच्या ओघात न्यायमूर्तींना ‘माइन फ्युरर’ (‘माझे नेते’, हिटलरला उद्देशून वापरले जाणारे शब्द) असे संबोधले.

तीनशेहून अधिक पानांचे निकालपत्र बचाव पक्षाच्या बाजूने लागले. लष्करी इतिहासकार म्हणून आयर्विंगची जाण आणि परिश्रम न्यायमूर्तींनी मोकळेपणाने मान्य केले, आणि त्यानंतर नमूद केले की त्याने आपल्या विचारसरणीपायी ऐतिहासिक पुराव्याचा सातत्याने, हेतुपुरस्सर विपर्यास केला. तो होलोकॉस्ट नाकारणारा, ज्यूद्वेष्टा व वंशवादी आहे आणि नवनाझी विचार पसरवणाऱ्यांशी त्याची ऊठबस आहे. ऑशविट्झमधील गॅस चेंबरविषयी कोणत्याही निःपक्षपाती इतिहासकाराला गंभीर शंका घेण्याचे कारण नाही, हेही त्यांनी नोंदवले. लिपस्टाट यांच्या पुस्तकातली काही दुय्यम विधाने मात्र सिद्ध झाली नव्हती. १९५२ च्या अब्रुनुकसानी कायद्याच्या कलम ५ नुसार, मुख्य आरोप इतके गंभीर आणि सिद्ध असताना उरलेल्या विधानांनी वादीच्या लौकिकाला वेगळी इजा होत नाही, म्हणून त्यांचा परिणाम निकालावर झाला नाही. चित्रपट या बारकाव्यात शिरत नाही. माझ्या मते तो शिरला असता तर विजय अधिकच विश्वासार्ह दिसला असता.

त्याच संध्याकाळी बीबीसीवर जेरेमी पॅक्समन यांनी आयर्विंगला विचारले की या निकालानंतर तरी तुम्ही होलोकॉस्ट नाकारणे थांबवणार का. छे, मुळीच नाही, असे त्याचे उत्तर होते. अपिलाची परवानगी २००१ मध्ये नाकारली गेली, खटल्याचा खर्च अंगावर आल्याने २००२ मध्ये तो दिवाळखोर झाला. १९८९ साली ऑस्ट्रियात केलेल्या भाषणांबद्दल त्याला नोव्हेंबर २००५ मध्ये तिथे अटक झाली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरमध्ये त्याची सुटका झाली. त्या शिक्षेला लिपस्टाट यांनी जाहीर विरोध केला, कारण भाषणासाठी तुरुंगात टाकल्याने तो हुतात्मा ठरेल आणि सेन्सॉरशिपने लढाया जिंकता येत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. ज्याने त्यांच्या आयुष्याची अनेक वर्षे न्यायालयात अडकवली त्याच्याबाबत घेतलेली ही भूमिका खटल्यातील धोरणाशी सुसंगतच होती: तिथेही आयर्विंगचे तोंड बंद केले नव्हते, त्याला बत्तीस दिवस बोलू दिले होते. खटल्याचे संपूर्ण कामकाज आणि तज्ज्ञांचे अहवाल एमरी विद्यापीठाच्या प्रकल्पाने सर्वांसाठी खुले केले आहेत. चित्रपट पाहून झाल्यावर ज्याला पुढे जायचे असेल, त्याने इव्हान्स यांच्या अहवालातील हिमलरच्या नोंदवहीवरचे प्रकरण आधी काढावे.